दारावरचा गुबगुबीत आठ

तुम्ही मुलं फोनवर विचारता, आजोबा हल्ली संध्याकाळी फिरायला का जात नाहीत? फोनवर सांगताना माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते.

आजोबांच्या डोळ्यांना मधलं नीट दिसत नाही, कडेचं दिसतं. तरी वेलचेरीच्या या इमारतीत ते एकटे खाली जात, बाकावर बसत आणि एकटे वर येत. दिवसातलं तेवढंच त्यांचं स्वतःचं होतं. आमच्या मजल्यावरची सगळी दारं एकसारखी तपकिरी. ते पाटीवरचा आकडा पाहून घर ओळखत.

रंगकाम झाल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीने पाट्या बदलल्या. नवे आकडे जाड, अरुंद आणि गोल कडांचे, एकमेकांना चिकटून उभे, गच्च भरलेल्या बसमधल्या माणसांसारखे. इंग्रजी आठाच्या पोटातली भोकं टिकलीएवढी उरली. सहा, आठ, नऊ सगळे सारखेच गुबगुबीत. आमचा आठ, शेजारचा सहा; विषम आकडे समोरच्या ओळीत.

आजोबांनी सहाच्या दाराला किल्ली लावली. आत शेजारच्या तमिळ आजी एकट्याच होत्या. कुलूप खडखडलेलं ऐकून त्या घाबरून ओरडल्या. मग साखळीआडून पाहून म्हणाल्या, "अय्यो, मामा, तुमचं घर पुढचं."

घरी येऊन आजोबा म्हणाले, "चोर म्हणूनही मी नापास." हसले. पण दुसऱ्या दिवशी खाली गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी सेक्रेटरीकडे गेले. पेरुंगुडीला कॉम्प्युटरवर काम करणारा, सभ्य मुलगा. त्याने लॅपटॉपवर त्या आकड्यांचा टाइप दाखवला. पडदाभर मोठा आठ, खरंच देखणा.

"आँटी, हा डिस्प्ले फॉन्ट आहे. मुद्दाम ठळक घेतला, सीनियर लोकांसाठी."

"मोठ्या फलकावर शोभेल. तू तो तळहाताएवढ्या पाटीत कोंबलास."

"पण मीटिंगमध्ये सगळ्यांना आवडला."

"मीटिंगमध्ये तो भिंतीवर केवढा दाखवला होतास?"

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, फक्त तुमची पाटी बदलली तर युनिफॉर्मिटी जाईल. मी अर्ज दिला, आठवण केली, पुन्हा आठवण केली. प्रत्येक वेळी "नोटेड, आँटी."

शेवटी काल मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि आमची पाटी काढून कपाटात ठेवली. आता या मजल्यावर एकच दार कोरं आहे. बाकीच्या दारांवर पाटीचा पांढरा चौकोन दिसतो, तो आजोबांना कडेच्या नजरेने कळतो.

सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस आली आहे. कुरिअरवाले खालून फोन करून वैतागतात. मीही वैतागते, कारण साधा आठ वाचता यावा म्हणून मला नियम मोडावा लागला, आणि आयुष्यभर मी रांगसुद्धा मोडली नाही.

आजोबा मघाशी चप्पल घालून खाली गेलेत. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाले, "तू दार उघडायला येऊ नकोस. मी उघडेन."

लिफ्टचा आवाज आला. मी खुर्चीतच बसून आहे.