परत आलेली बावन्न जोडकार्डं

प्रेमिला वैरागडे यांच्या अंगात घाई मुरलेली होती. समोरचा पोरगा बोलताना अडखळला की त्याचं वाक्य त्याच पुरं करायच्या, आणि बहुतेक वेळा बरोबर करायच्या. सीताबर्डीत एका शिक्षण मंडळाच्या माडीवर त्यांचं व्यवसाय मार्गदर्शन केंद्र होतं. केंद्र म्हणजे एक खोली, एक कपाट आणि स्वतः प्रेमिलाताई. खेड्यापाड्यांतली मॅट्रिक झालेली पोरंपोरी यायची. कोणी आयटीआयला जावं, कोणी कंपाउंडर व्हावं, कोणी रेल्वेची परीक्षा द्यावी, हे त्या तासतासभर बोलून ठरवायच्या. सहा वर्षं हेच चाललं होतं.

१९७४ च्या जानेवारीत मंडळाचे चिटणीस मनोहरराव भोयर यांनी एक प्रश्न विचारला. प्रश्न झोंबला, पण चुकीचा नव्हता.

"वैरागडेबाई, सहा वर्षं तुम्ही सल्ले देऊन राहिल्या. फायदा किती जणांना झाला? आकडा द्या. नाही तर महिनाअखेरच्या सभेत ही खोली टायपिंगच्या वर्गाला देऊन टाकू."

प्रेमिलाताईंनी एकशे चाळीस जुन्या पोरांना जोडकार्डं धाडली. अर्ध्या कार्डावर प्रश्न, उरलेलं अर्धं उत्तरासाठी कोरं. पंधरा दिवसांत अडतीस उत्तरं आली. त्यांतल्या सत्तावीस जणांनी लिहिलं होतं, 'सध्या घरीच आहे.' पन्नास जणांकडून काहीच उत्तर नाही. आणि बावन्न कार्डं जशीच्या तशी परत आली, वर पोस्टमनचा शेरा: 'इसम गावी राहत नाही.'

"म्हणजे एकशे चाळिसांत अकरा," मनोहरराव म्हणाले. बिचारे हळूच म्हणाले, पण बाईंचा चेहरा पार उतरला.

दुपारी त्या परत आलेली कार्डं रद्दीत टाकायला उठल्या आणि मधेच थबकल्या. गावी राहत नाही. अहो, मग राहतो कुठं? वीस-बावीस वर्षांचा धडधाकट पोरगा घरदार सोडून उगाच जातो का? घरी बसला असेल त्याच्याच हातात कार्ड पडणार, आणि तोच 'घरी आहे' म्हणून कळवणार! ज्याचं भलं झालं त्याला कार्ड मिळणारच कसं? त्या तशाच मनोहररावांच्या खोलीत घुसल्या. चप्पल घालायचंही भान राहिलं नाही.

"साहेब, आपण उलटा ढीग मोजला!"

मनोहररावांनी सगळं ऐकून घेतलं. "तर्क चांगला आहे बाई. पण कोणी पळूनही गेला असेल. पुरावा आणा."

सभेला सहा दिवस होते. प्रेमिलाताईंनी बावन्न कार्डं पिशवीत कोंबली आणि उमरेडची एसटी पकडली. पहिल्याच घरी कळलं, पोरगा बिलासपूरला रेल्वेत. दुसऱ्या घरी, चंद्रपूरच्या दवाखान्यात कंपाउंडर. भर रस्त्यात टाळी वाजवावी असं त्यांना झालं, आणि त्यांनी वाजवलीही. तिसऱ्या घरचा मात्र दंडारीच्या नाटकमंडळीत नाचायला म्हणून जो गेला, तो परतलाच नव्हता. त्यालाही त्यांनीच कंपाउंडर व्हायला सांगितलं होतं. 'उपयोग नाही' असं त्यांनी मुकाट्यानं लिहून घेतलं. दोघी मुली लग्न होऊन गेल्या होत्या. त्यांना होकारात धरायचा मोह झाला, पण धरलं नाही.

पाचव्या दिवशी पारशिवनीला प्रयागबाईंचं घर लागलं. कार्ड पाहताच म्हातारी उसळली.

"अवं बाई, म्या तं त्या डाकवाल्याले समदं सांगतलं! माहा रुपराव भिलाईले लोखंडाच्या कारखान्यात फिटर हाये, क्वार्टर भेटलं, तो आता इथं नाई राहत. त्यानं एवढंच काहून लिवलं?"

प्रेमिलाताईंना हसू आवरेना. पोस्टमननं म्हातारीच्या बोलण्याची नेमकी शेपटी तेवढी उतरवली होती! त्यांनी सभेची गोष्ट सांगितली. प्रयागबाईंनी विचारलं, "कवा हाये सभा?"

सभेच्या दिवशी तेवीस घरांचा हिशोब टेबलावर होता. सतरा जण नोकरीत, त्यातले चौदा सांगितलेल्याच वाटेनं गेलेले. एक सभासद कागद चाळत म्हणाले, "हे तुम्हीच लिहिलेलं ना?" प्रेमिलाताईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मले इचारा नं!"

पारशिवनीच्या एसटीतून उतरून प्रयागबाई थेट माडी चढून आल्या होत्या. मागे एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी होती.

मनोहररावांनी त्यांना खुर्ची दिली. "बाई, खरं सांगा. तुमच्या मुलाला इथला फायदा झाला?"

"त्याले झाला," प्रयागबाई म्हणाल्या. "मले इचारता? नऊ महिने झाले, पोराचं तोंड नाई पाह्यलं. दिवाळीलेबी भट्टी बंद नाई होत म्हणते. घर खायले उठते." त्यांनी पदरानं नाक पुसलं.

पोरं गाव सोडून गेली म्हणून आपण रस्त्यात टाळ्या वाजवल्या, हे प्रेमिलाताईंना आठवलं.

म्हातारीनं मागे हात घालून मुलीला पुढे ओढलं.

"ही माही लेक प्रेमलता. मांगल्या साली मॅट्रिक झाली. हिच्यावाचून घरात दुसरं कोणी नाई माहं." आणि प्रेमिलाताईंकडे वळून म्हणाली, "हिलेबी सांगा बाई, कुठं जायचं ते."