ढोलकीचे बूट

बाबांचा उजवा हात दिवाळीनंतर गेला. लकवा म्हणे सौम्य होता. पाय महिनाभरात वळणावर आला, जीभ तर पहिल्या आठवड्यातच पूर्वीसारखी तिखट झाली, पण हात कोपरापासून खाली लाकडासारखा मांडीवर पडून राहिला.

दुसऱ्या कुणाचा हात असता तर एक वेळ चाललं असतं. बाबा ढोलकी वाजवायचे. काशीगावापासून तारोडीपर्यंत आगऱ्यांच्या घरात हळद निघाली की त्यांच्या बँजो पार्टीला बोलावणं ठरलेलं. मिठागरं गेली, भाताची खाचरं गेली, त्यांच्यावर इमारती आल्या. त्यातल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. ढोलकी मात्र राहिली होती. ती आता खोळीत घालून कपाटावर ठेवली होती. पार्टीतले सोबती भेटायला आले की बाबा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करायचे.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई रोज सांगायच्या, "अंकल, चलो थोडा, हाथ को भी काम दो." बाबा खुर्चीतून हलायचे नाहीत. एक दिवस जाताना बाई जिन्यात मला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी मनावर नाही घेतलं ना, तर हात असाच राहील. नंतर कितीही धावपळ करा." मी मान हलवली आणि घरात येऊन आईवर उगीचच खेकसले.

मी वजनकाटे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला आहे. गाळा भाईंदर पूर्वेलाच आहे. काट्याच्या पोटात दाब ओळखणारा एक भाग असतो, तो नीट वजन सांगतोय की नाही हे तपासणं माझं काम. एकदा मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. एक नाचणारी बाई, तिच्या बुटांत सेन्सर, पाऊल टाकलं की संगीत वाजतंय. माझ्या डोक्यात किडा शिरला. हात नाही तर नाही, पाय तर चालतायत ना माझ्या बापाचे!

कॅनव्हासचे साधे बूट आणले. आतल्या सुकतळ्यांना कागदासारखे पातळ सेन्सर चिकटवले, ब्लूटूथने लॅपटॉपला जोडले. आवाज कुठला घालायचा? मला वाटलं, मी मोठी हुशारी केली. एका जुन्या हळदीचं रेकॉर्डिंग होतं, त्यातून बाबांच्या ढोलकीचे ठोके वेचून काढले. डाव्या पायाला 'घुम', उजव्याला 'ता'. जेवढा दाब तेवढा आवाज. गच्चीवर स्वतः घालून फिरले, पन्नास चकरा मारल्या, आणि एकटीच हसत बसले.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर बूट घातले आणि बाबांच्या समोर हॉलमध्ये चार पावलं टाकली. घुम, ता, घुम, ता.

बाबांनी झटकन मान वर केली. स्वतःचा ठोका त्यांनी पहिल्या पावलालाच ओळखला होता. त्यांचे ओठ थरथरले, आणि मला वाटलं, जिंकलं आपण.

"काढ," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही फक्त चालायचं. बाकी सगळं आपोआप..."

"काढ पयले! माजी ढोलकी पायाखाली घेतलीस?"

आमच्या घरात ढोलकी कपाळाला लावल्याशिवाय कुणी मांडीवर घेत नाही. चुकून पाय लागला तर दोन्ही हातांनी नमस्कार करायचा. दसऱ्याला देवाच्या आधी तिच्यासाठी झेंडूची माळ ओवली जाते. लहानपणी ती ओलांडली म्हणून बाबांनी मला मारलं होतं, आयुष्यात एकदाच. हे सगळं मला पाठ होतं आणि तरी इतके दिवस, ग्रॅमाग्रॅमचा हिशेब लावत बसलेली असताना, एकदाही आठवलं नाही. पियानोचा नाहीतर कसलाही कॉम्प्युटरचा आवाज घातला असता तर तो माणूस कदाचित चालला असता.

चूक माझी होती, म्हणून राग जास्त आला. माझं तसंच आहे. मी बूट काढून आपटले आणि बोलू नये ते बोलले.

"मग बसा तसेच! ढोलकी कपाटावर, हात मांडीवर. खाऊ द्या दोघांना धूळ."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते उजव्या हाताकडे बघत राहिले. शब्द परत घेता आले असते तर मी तेव्हाच्या तेव्हा घेतले असते.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली. खाली बसली, बुटांतल्या सुकतळ्या तारांसकट अलगद ओढून काढल्या. रिकामे बूट दाराबाहेर ठेवून आली. सुकतळ्या आधी ओल्या फडक्याने पुसल्या, मग कोरड्या. बाबांच्या खुर्चीपुढे स्टूल ओढलं, त्यावर पाट ठेवला, पाटावर दोन्ही सुकतळ्या मांडल्या आणि दोन्हींना कुंकवाचं बोट लावलं.

"आता बूट न्हाय," ती म्हणाली. "आता वाजवायचा हाय."

बाबा बराच वेळ पाटाकडे बघत होते. मला वाटलं, आता पाट उडवतात. मग त्यांनी डावा हात पुढे केला, दोन्ही सुकतळ्यांना लावला आणि कपाळाला नेला.

डाव्या पंजाने पहिला ठोका मारला. घुम. थोडं थांबून पुन्हा, घुम. मग त्याच हाताने उजवं मनगट उचललं, उजव्या सुकतळीवर नेऊन ठेवलं, आणि डावा हात आपल्या जागी आला.

घुम. आणि 'ता'ची जागा रिकामी.

घुम. रिकामी.

लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. नुसत्या टेकलेल्या पंजाचं वजन वजा करून उजव्या बाजूचा आकडा शून्यावर चिकटून बसला होता. दाबाची मर्यादा मी खाली आणली, आणखी खाली, जिथवर येते तिथवर. शून्यच. बाबांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, कपाळावर घाम आला होता. मी त्यांना ओळखते. आज जर हात काढून घेतला तर पुन्हा कधीही, कुणीही सांगितलं तरी, तो हात ते कशावर ठेवणार नव्हते. मला भीती वाटत होती. सहाव्या की सातव्या घुमनंतर त्यांचे खांदे पडले, डावा हात उजव्या मनगटाकडे निघाला. मी लॅपटॉपवरचं बटण दाबलं.

ता! खणखणीत.

आईने तोंडाला पदर लावला. सांगायला लाज वाटते, पण मीसुद्धा चकित झाल्यासारखं तोंड केलं.

बाबांनी डोळे मिटले होते. "यो माजाच हात हाय," ते म्हणाले. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "पन आजचा न्हाय."

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. मला वाटलं, आता सगळं संपलं आणि ते मी संपवलं. पण ते ओरडले नाहीत.

"बाय, हात वर कर. दोनी."

मी शाळेतल्यासारखे दोन्ही हात वर केले.

"तसाच ठेव."

उजवा पंजा त्यांनी पुन्हा नीट बसवला. घुम. रिकामी. घुम. रिकामी. किती वेळ गेला सांगता येणार नाही. माझे दंड भरून आले, पण हात खाली घ्यायची हिंमत नव्हती. आई उभीच होती. बाबा आता आमच्याकडे बघतच नव्हते, सगळा माणूस त्या पाच बोटांत उतरला होता. मग करंगळीशेजारचं बोट हललं. आकडा शून्यावरून सुटला. अर्ध्या लिंबाचं वजनसुद्धा नव्हतं ते. स्पीकरमधून इतका बारीक आवाज आला की मी बघत नसते तर शेजारच्या घरातला समजले असते.

ता.

"आला! बाबा, आला!" मी हात वरच ठेवून ओरडले आणि रडायलाच लागले. आई मटकन खाली बसली. एकटे बाबा खूश नव्हते. भुवया आकसून ते पाटाकडे बघत होते.

"उशिरा परला."

"अहो, तो ब्लूटूथचा उशीर आहे. यंत्रात थोडा वेळ जातोच."

"मना शिकवतंस? यंत्राचा न्हाय, हाताचा हाय. घुमच्या मागं ऱ्हातंय." त्यांनी पंजा पुन्हा जागेवर घेतला. "रडू नको, मना आयकाला येत न्हाय. परत."