पारूच्या तोंडाचं माप

पनवेलच्या बाजारात सुका जवळा घेत होतो, तेव्हा मुलाचा फोन आला. "बाबा, घरी या. आई उठत नाय." गव्हाणला पोचलो तर माझी पारू ओटीवर निजली होती. तोंड जरा उघडं. खालचे दात दिसत होते... त्या दातांचीच गोष्ट सांगायची हाय.

पारू आमच्या गावची धवलारीण. आमच्यात लग्नाचे विधी धवलारणीच्या गाण्यावर, म्हणजे धवल्यावर होतात. देवांना, घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन ती मांडवात बोलावते. नाव नीट घेतलं नाही तर तो येत नाही, असं ती मानायची. पण दात पडले, कवळी बोलताना उचलायला लागली आणि नावांच्या जागी शिट्टी वाजायला लागली. एका हळदीला पोरं हसली. त्या दिवसापासून तिनं गाणं सोडलं. मग नातीचं लग्न ठरलं. नात म्हणाली, "आजी, तूच गायचं. दुसरी धवलारीण मला नको." आता आली का पंचाईत!

पनवेलच्या दातांच्या डॉक्टरीणबाईनं खालच्या जबड्याच्या हाडात चार खुंट्या बसवल्या. त्या भरून आल्यावर रबरासारखा मसाला तोंडात दाबून माप घेतलं. मापावरून धातूची पट्टी आली, तिच्यावर दात चढायचे. एका बाजूचा स्क्रू आवळला, तर दुसरी बाजू केसभर उचलली. केसभरच! मी म्हटलं, "आवळा ना बाकीचे, बसंल."

"बसेल काका, पण हाड कायम ओढलं जाईल. माझं माप चुकलंय."

"परत घ्या," पारू म्हणाली.

"लग्न तोंडावर आलंय," मी भडकलो. "तशीच गा. डीजेत कोनाला ऐकू येतंय?"

"डीजे नवरीला हलद लावतो का?"

परत माप. या खेपेला डॉक्टरीणबाईनं खुंट्यांवर खांब लावले आणि ते लाल मसाल्यानं एकमेकांना बांधले. सुकला की तो आकसतो, म्हणून मध्ये कापून पुन्हा सांधला. मग वरून रबराचा मसाला. पारू आ वासून बसली ती दगडासारखी. गळ्यातली घाटीसुद्धा हलेना. लाळ गळत होती, डोळे मिटलेले. मी जन्मभर मिठागरात राबलो, माणसं राबताना पाहिली, पण असं स्थिर बसलेलं माणूस पाहिलं नाही. साचा निघाल्यावर म्हणाली, "हलदीचा धवला पुरा झाला मनात."

नवी पट्टी आली. एकच स्क्रू आवळला... दुसरी बाजू हलली नाही. डॉक्टरीणबाईनं सांध्यावरून सुई फिरवली, कुठं अडकली नाही. ती मोठ्यानं हसली आणि पारूच्या गालाला हात लावला.

मांडवात पारू उभी राहिली. एकेक नाव खणखणीत. माझ्या आईचं नाव आलं तेव्हा, खरं सांगतो, मी मागं वळून पाहिलं.

पारूची राख सावडायला गेलो तर दात जळाले होते. पट्टी तशीच. चारी खुंट्या तिला धरून, एक हलत नाही. एवढ्या आगीनं अख्खी बाई नेली, आणि हे माप नेता आलं नाही. मुलगा म्हणाला, "खाडीत सोडू?" मी मूठ मिटली.

ती पट्टी आता देवाजवळ ठेवलीय. सकाळी हातात घेतो आणि मांडवातली नावं घेतो. गाणं मला येत नाय. नुसती नावं. सगळ्यात शेवटी पारूचं.