पडवीच्या भिंतीवरचा जपान

भूगोलाच्या मास्तराला गप्प बसवायचं असेल तर आधी त्याच्या हातातला खडू काढून घ्यावा. माझा खडू शाळेने निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल देऊन रीतसर काढून घेतला. पण कोकणात घरोघरी चूल असते आणि चुलीत कोळसा असतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आमचं गाव वेंगुर्ल्याहून रेडीकडे जाताना लागतं. एकाच आवारात दोन घरं, एक दादाचं आणि एक माझं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. चौथीनंतर त्याने शाळा सोडली, भात आणि काजू केले, आणि त्याच्या काजूंवर मी बी.ए., बी.एड. झालो. तेव्हा त्याला शिकवायचा मला काही अधिकार नव्हता. तरी आयुष्यभर शिकवलं. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि शेवटी एकच टोमणा मारायचा. फार पूर्वी कधीतरी मी त्याला जिल्ह्याचा सरासरी पाऊस सांगितला होता. तेव्हापासून मी काहीही सांगितलं की त्याचं ठरलेलं, "मास्तर, तुजो सरासरी पावस माज्या मळ्यात खंयच्या दिसाक पडता, तेवढां सांग मरे."

हा किस्सा मी वर्गात सांगून दरवर्षी हशा मिळवत असे.

दादाचं पोट दुखायला लागलं तेव्हा तो साठीच्या पलीकडे होता. आमच्याकडे पोटदुखीवर तीन उपाय करतात. पहिला सोलकढी, दुसरा ओवा आणि तिसरा 'बघूया'. पहिले दोन आठवडाभरात संपले. तिसरा दादाने वर्षभर चालवला. शेवटी मीच त्याला सावंतवाडीला डॉक्टरांकडे नेलं. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेली शहाणपणाची गोष्ट तेवढी एकच, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

तपासणीत पोटात एक जंतू सापडला. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. जठरातल्या आम्लात राहणारा हा जंतू, बहुतेकदा लहानपणीच घरातल्या घरात एकमेकांकडून येतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. कित्येकांना काहीच करत नाही, काहींना जखमा करतो, आणि थोड्यांच्या बाबतीत पुढे कॅन्सरपर्यंत जातो. औषध चौदा दिवसांचं, सकाळ-संध्याकाळ मूठभर गोळ्या, एकही चुकवायची नाही. त्यानंतर गोव्याला जाऊन दुर्बिणीने पोट आतून बघून घ्यायचं.

चार दिवस दादाने गोळ्या घेतल्या. पाचव्या दिवशी मी त्याच्या पडवीत गेलो तर तो तोंड वाकडं करून बसलेला.

"तोंडात गंजको खिळो ठेवल्यासारख्या लागता रे. पेज पण गोड लागणा नाय. आणि भायर काजू पडाक लागले," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, टोमण्याचा सूर न लावता, "मास्तर, ह्यां सगळां करूकच व्हया काय?"

त्याने हे मला विचारलं. डॉक्टरांना नाही, फोन करून गोव्यात राहणाऱ्या आमच्या भाच्यालाही नाही. घरात शिकलेला मी होतो ना! एका शब्दाचं उत्तर होतं, 'होय'. एवढं बोलून मी घरी जाऊन चहा प्यायलो असतो तरी चाललं असतं.

पण दोन दिवसांपूर्वीच मी फोनवर या जंतूबद्दल एक लेख वाचला होता. त्यात नकाशा होता, आणि नकाशा दिसला की मला दुसरं काही दिसत नाही. मी उठलो, चुलीतून विझलेला कोळसा घेतला आणि पडवीच्या पांढऱ्या भिंतीवर जग काढलं. समोर श्रोता एकच होता, पण मी पन्नास पोरांच्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सुरू झालो. हा जपान, हा कोरिया, इथे पोटाचा कॅन्सर फार. हा आपला देश, इथे हा जंतू खूप जणांच्या पोटात, तरी तो कॅन्सर त्यांच्या मानाने कमी. देशातही सगळीकडे सारखा नाही, ईशान्येच्या डोंगरात जास्त, दक्षिणेत काही ठिकाणी जास्त. आणि ही आपली किनारपट्टी! तिच्यावर मी कोळसा दोनदा गिरवला. लेखात आमच्या किनारपट्टीचं नावसुद्धा नव्हतं.

"हयसर आपल्याकडे ता होणा नाय," मी म्हणालो. असं का होतं हे शास्त्रज्ञांनाही पुरतं उलगडलेलं नाही, असं लेखाच्या शेवटी लिहिलं होतं. मी ते पाच मिनिटांत उलगडलं. "आपली सोलां, आपली हळद, आपली तिरफळां. जपानी माणसाचां वेगळां. तो मिठात घातलले मासे खाता."

आत वहिनी खारा बांगडा भाजत होती. वास पडवीभर पसरला होता.

दादाने एकदा आत बघितलं, एकदा जपानकडे. "मगे आमी काय खातंव रे? आइस्क्रीम?"

मी म्हणालो, "आपलां मीठ शिरोड्याच्या मिठागरातलां."

आम्ही दोघंही खूप हसलो. त्या वाक्याकडे मी नंतर इतक्या वेळा परत गेलो आहे की तिथवर पायवाट झाली असेल. दादाला शंका आली होती, आणि ती अगदी बरोबर जागी आली होती. मी तिला विनोद करून घालवलं.

सहाव्या दिवसापासून त्याने गोळ्या बंद केल्या. गोव्याची तारीख काजूंच्या धांदलीत निघून गेली. शिरोड्याच्या बाजारातून तो ॲसिडिटीच्या कॅप्सूल आणायचा, सकाळी एक घ्यायचा, आणि जळजळ थांबायची. "बघ, गेलां," तो म्हणायचा. मी भिंतीकडे बोट दाखवायचो. दादाने ती भिंत पुढे कधी रंगवू दिली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, "माज्या भावान काढल्यान, जग." गावातही माझं संशोधन पसरलं. एस.टी.च्या थांब्यावर कुणी पोटावर हात ठेवला की दुसरा म्हणायचा, "भियां नको, जपानाक होता ता." मला त्याचा अभिमान वाटायचा, हेही लिहिलंच पाहिजे.

तिसऱ्या वर्षी गणपतीत दादाने दुसरा मोदक अर्धा खाऊन पानात ठेवला. हा माणूस पैज लावून अकरा खायचा. "भरलां पोट," म्हणाला. लुंगीची गाठ दोनदा वळून मारत होता, तेही तेव्हाच दिसलं. मग मात्र कुणी 'बघूया' म्हटलं नाही. गोव्याला गेलो, दुर्बीण घातली. उशीर झाला होता.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या. त्या सगळं सांगून थांबल्या, आणि मी काय केलं असेल? विचारलं, "पण मॅडम, आपल्या भागात ह्याचं प्रमाण कमी आहे ना?"

त्या रागावल्या नाहीत. "कमी म्हणजे नाही असं नसतं, काका. मीठ, तंबाखू, घराण्याची प्रकृती, जंतूची जात, कितीतरी गोष्टी असतात. आणि जिथे लोक तपासून घेत नाहीत, तिथला आकडा नकाशावर कमीच दिसणार." मग म्हणाल्या, "शिवाय तुमच्या भावाचं पोट म्हणजे काही जिल्हा नाही."

दादाने ते चौदा दिवस पुरे केले असते तर, असं मी विचारलं. तेव्हा त्या म्हणाल्या, धोका कमी झाला असता, पण वाचलाच असता असं कुणालाच सांगता येणार नाही. मला शिक्षा हवी होती. मिळाली ती पुन्हा सरासरी.

शेवटच्या महिन्यात दादा पडवीतच असायचा, खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. एका दुपारी मी पाणी पाजत होतो. घोटभर घेऊन त्याने माझा हात धरला आणि डोळे मिचकावले.

"मास्तर, इलो रे तुजो सरासरी पावस माज्या मळ्यात."

तो हसला. आयुष्यात पहिल्यांदा त्या टोमण्यावर मला हसता आलं नाही. त्याने यापलीकडे कधी एक अक्षर काढलं नाही, मलाही नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही.

दादा गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी सांगायची, "हट्टी माणूस. गोळयो अर्ध्यार टाकल्यान. कोणाचां आयकल्यान नाय." मी शेजारी बसून मान हलवायचो. कोणाचं ऐकलं नाही! त्याने ऐकलं होतं, आणि ज्याचं ऐकलं तो तिथेच बसून मान हलवत होता.

सख्ख्या भावाने आणि घरातल्यांनी तपासून घ्यावं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी वर्ष घालवलं. मग तपासणी केली, जंतू निघाला, चौदा दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या. गंजका खिळा कसा लागतो ते पहिल्याच दिवशी कळलं. पण वहिनी काही तयार होईना. तिचंही पोट जळायचं, जेवल्यावर ती खांबाला टेकून बसायची, आणि विचारलं की म्हणायची, "माका काय एक होणा नाय." माझंच वाक्य, थोडं बदललेलं. तिला मी कोणत्या तोंडाने समजावणार?

सहाव्या दिवशी सकाळची गोळी घेतली आणि तसाच तिच्या पडवीत गेलो. दादाने सोडलं तो हाच दिवस. ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

"वयनी, दादान गोळयो सोडल्यान त्यो मी सांगलंय म्हणान."

तिने सूप हलवायचं थांबवलं नाही. "माका म्हायत आसा, भावजी. मी आत बांगडे भाजी होतंय. कान काय चुलीत घातललंय?"

"मगे सगळ्यांका दादाचो हट्ट म्हणान कित्याक सांगतास?"

"मेलल्या माणसाक दोष लावलो तर त्येका लागणा नाय. तुमका लावलंय असतंय तर तुमी ह्या दारात इलां नसतास." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुमी बोललास तां माका तरी खंय खरां वाटलां? पण काजू पडाक लागलले. हो माणूस असोच पडान रवलो तर ते येचतलो कोण, असां मनात इलां. बरां वाटलां माका, तुमी बोललास तां."



मी एवढंच म्हणालो, "तपासून घेवया, वयनी. उद्या."

"आधी तां पुसा."

तिने भिंतीकडे पाहिलंही नाही. मी ओलं फडकं आणलं. जपान लगेच गेला, कोरियाही गेला. किनारपट्टी मी दोनदा गिरवली होती, ती जाईना. जितकं घासावं तितकी काळी फरफट वाढत होती. वहिनी उठली, माझ्या हातातलं फडकं घेतलं, बादलीत पिळलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"थोडां रवलां तर रवांदे," ती म्हणाली. "उद्या उपाशीपोटी जावचां लागता?"

मी तोंड उघडलं. कोणती तपासणी, कशासाठी, जगात ती कुठे कशी करतात, सगळं जिभेवर आलं होतं.

"होय," मी म्हणालो, आणि गाडीवाल्याला फोन लावला.