झरीच्या राजेश्रीची घरगुती अडचण

परभणीच्या तहसीलसमोर लिंबाच्या झाडाखाली माझी टपरी आहे. आत एक संगणक, एक प्रिंटर आणि मी. अर्ज, शपथपत्रं करून देणं हा माझा धंदा. लोक मला अनंतराव म्हणतात, घाई असली की अनंतकाका. कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस आले की माझ्याकडे गॅपवाल्यांची रांग लागते. बारावीनंतर मध्ये वर्षं गेलेली असली तर कॉलेज विचारतं, एवढे दिवस काय करत होतात? त्याचं उत्तर शपथेवर द्यावं लागतं. ते उत्तर माझ्या संगणकात तयारच असतं: 'घरगुती अडचणीमुळे माझ्या शिक्षणात खंड पडला. सदर काळात मी कोठेही शिक्षण घेतले नाही.' नाव बदलायचं, वर्षं बदलायची, झालं काम. कुणी खरंच आजारी असतो, कुणी पुण्याला कंपनीत राबून आलेला असतो, कुणी नुसताच पारावर बसलेला असतो. कागदावर मात्र सगळ्या तालुक्याला एकच अडचण.

गेल्या वर्षी प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी झरीहून एक बाप आणि त्याची मुलगी आली. बाप म्हणजे आश्रुबा. थोडी जमीन, पांढरा पटका, आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरची माणसं वळून बघतात. मुलगी राजेश्री, तेविशीची, गळ्यात तुळशीची माळ. बोलणं कमी, पण हात गप्प बसत नव्हते. माझ्या टेबलाच्या कडेवर तिची बोटं काहीतरी वाजवत होती, आणि नखांत कणीक अडकलेली होती. मला वाटलं, सकाळी पोळ्या करून तशीच निघाली असेल.

मी कागद छापून पुढे केला. राजेश्रीनं तो नीट वाचला. इथं कुणी वाचत नाही, सही कुठं करायची एवढंच विचारतात.

"काका, हे खोटं हाय," ती म्हणाली.

"सगळ्यांचंच असतं बाई. कर सही, नोटरी जेवायला जातील."

"कुठंच शिक्षन घेतलं न्हाई असं लिवलंय. मी चार वर्सं आळंदीला मृदंग शिकले. गळ्यात माळ हाय, शपथेवर खोटं कसं लिवू?"

तेव्हा नखांतल्या कणकेचा उलगडा झाला. मृदंगाच्या एका तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, म्हणजे आवाज घुमतो. बारावी झाल्यावर ही पोरगी आळंदीला बजरंग महाराज म्हणून मृदंगाचे गुरू आहेत, त्यांच्याकडे राहिली होती. आता आसपासच्या गावांत सप्ताह असला की तिला मृदंगावर बोलावतात. तिला शाळेत संगीत शिकवायचं होतं, आणि शाळा डिग्रीशिवाय दारात उभी करत नाही.

"बरं, ते वाक्य काढतो," मी म्हणालो. माझा पारा चढायला लागला होता. मागे रांग होती.

तेवढ्यात आश्रुबानं कागदावर बोट ठेवलं. "आन् ही घरगुती अडचन कुनाची?"

"तुमची."

"माज्या घरात अडचन? मी काय मेलोय का? पोरीनं म्हनलं आळंदीला जायचं, मी सोता नेऊन सोडलं. कुनाफुडं हात पसरला न्हाई. कॉलेजात सगळे वाचतेल, आश्रुबाच्या घरी अडचन व्हती म्हनून पोरगी घरी बसली!"

"मग आळंदीची चार वर्षं सोडली तरी दीड वर्ष उरतं, त्याचं काय?"

"तिची माय पडली खळ्यावर, खुबा मोडला. तानुबाईला कुनी उठवायचं, कुनी न्हाऊ घालायचं? पोरीनं केलं. त्याला अडचन म्हनतेत का? ती माय हाय तिची."

एकाला खोटं चालेना, दुसऱ्याला खरं. मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगतो, मला ती दोघं आवडली होती. एवढ्या वर्षांत माझ्या मसुद्याशी भांडायला कुणीतरी आलं होतं. मी तयार कागद बाजूला सारला आणि नवीन लिहायला घेतला: सदर काळात मी आळंदी येथे बजरंग महाराज यांच्याकडे मृदंगाचे शिक्षण घेतले व पूर्ण केले, तसेच कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही. नोटरींनी एक भुवई वर करून शिक्का मारला. कॉलेज हाकेच्या अंतरावर होतं. नवा मसुदा टिकतो की नाही याची मलाच उत्सुकता, म्हणून टपरी आणि मागची रांग शेजारच्या चहावाल्याच्या हवाली करून मीही निघालो.

प्रवेशाच्या खिडकीवर दत्तराव बाबू होते. माणूस वाईट नाही, पण नेहमीपेक्षा वेगळा कागद दिसला की त्यांना घाम फुटतो.

"हे काय आणलंत अनंतराव? तुमचं नेहमीचं का नाही?"

"नेहमीचं यांना चालेना."

"शिक्षण पूर्ण केलं म्हणता, मग प्रमाणपत्र कुठंय?"

"गुरुजी कागद देत न्हाईत," राजेश्री म्हणाली. "कुनालाच न्हाई."

"मग निदान त्यांनी तोंडी तरी सांगावं. नंबर असेल ना? खिडकी संध्याकाळी बंद होईल, मग मला काही करता येणार नाही."

राजेश्रीचा चेहरा उतरला. खिडकीच्या कडेवर वाजणारी तिची बोटंही थांबली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, झालं काय? तिनं सांगितलं, आई पडल्याचं कळलं तेव्हा गुरुजी बाहेरगावी सप्ताहाला गेले होते. ही गुरुबहिणीला सांगून मिळेल त्या गाडीनं निघाली. गुरूच्या पाया पडून, निरोप घेऊन निघायची रीत, ती राहून गेली. आठवड्यात परत जाऊ म्हणाली, आठवड्याचे महिने झाले. आधी वेळ नव्हता म्हणून फोन केला नाही, मग उशीर झाला म्हणून, आणि शेवटी कुठल्या तोंडानं करू म्हणून.

"गुरुजी रागावले तर?" तिनं विचारलं. कॉलेजचा प्रवेश जाईल याची तिला तेवढी भीती नव्हती जेवढी त्या एका माणसाच्या रागाची होती.

पण दुसरा रस्ता नव्हता. दत्तरावांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आपल्याकडे झरीची राजेश्री शिकायला होती का?"

"व्हती काय म्हनता? हाय की!" महाराज मूळचे आमच्या जिंतूरकडचे, तिकडे राहूनही बोली सोडलेली नाही.

"म्हणजे तिचं शिक्षण पूर्ण झालंय ना?"

"पूर्न? आवो साहेब, माजंच अजून झालं न्हाई. मी बी शिकायलोय. तिचं कसं होईल?"

दत्तरावांनी पेन खाली ठेवलं. आमच्याकडे बघून हळूच म्हणाले, "एकीकडे शिकत असताना दुसरीकडे प्रवेश कसा देऊ? आणि इथं शपथेवर 'पूर्ण केले' लिहिलंय!"

झालं! शिक्षण पूर्ण झालं असं कुठला वारकरी गुरू म्हणेल? हा शब्द मीच घातला होता, शोभून दिसतो म्हणून.

फोनमधून आवाज आला, "पोरगी हाय का तिथं? द्या तिच्याजवळ."

राजेश्रीनं फोन दोन्ही हातांत धरला. "गुरुजी, नमस्कार करते."

"किती दिस झाले गं?"

"दीड वरीस."

"म्हंजी खंड पडला."

"व्हय."

"का पडला? मला बी कळू दे की."

तिनं बापाकडे एकदा बघितलं आणि सरळ म्हणाली, "घरगुती अडचन व्हती, गुरुजी. आई पडली व्हती. तिला सोडून येता आलं न्हाई."

हजार वेळा छापलेलं ते वाक्य, पण कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. आश्रुबांनी मान खाली घातली.

"आता चालती का माय?"

"चालती. काठी घेऊन देवळापस्तोर जाती."

"आन् तुझ्या हाताला कनीक लागती का?"

"रोज लागती गुरुजी. आई झोपली की गोठ्यात बसून देवळातला मृदंग वाजवते."

"मग कशाचा खंड, येडे?" महाराज हसले. "मायची सेवा केली, हात बी चालू ठिवला. मी वाट बघायलोय हिकडं, तुझा मृदंग कुनाला हात लावू दिला न्हाई. आता कॉलेज शीक. दिवाळीच्या सुट्टीत मात्र हिकडं यायचं. साहेब, लिवून घ्या, पोरीला माझी परवानगी हाय. माझ्याकडं हजेरी न्हाई, फी न्हाई, तुमच्या कॉलेजाच्या आड मी येत न्हाई."

राजेश्री रडत होती आणि हसतही होती. दत्तराव आत जाऊन प्राचार्यांशी बोलून आले. 'व पूर्ण केले' एवढं खोडा, शेजारी सही करा, म्हणाले. तेवढं खोडल्यावर कागद एकदम खरा झाला. तिनं सही केली, आणि दत्तरावांनी शिक्का उमटवला. ती लगेच संगीताचा वर्ग कुठे भरतो ते बघायला धावली.

आश्रुबा माझ्यासोबत बाहेर पायरीवर बसले. त्यांनी पटका काढून मांडीवर घेतला. मग त्यांनी पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं.

"अनंतराव, त्या कागदात अजून एक ओळ घालता येती का?"

"आता शिक्का पडला. कुठली ओळ?"

"तीच तुमची. घरगुती अडचन व्हती म्हनून." त्यांनी डोळे पुसले. "व्हती वो. लय व्हती. पोरीनं मला कळू दिली न्हाई."