गाडी विकाची नाई

इंदूवहिनी गाडी सुरू करण्याआधी काच खाली करायच्या, मग बाहेर पौषातली थंडी असो की मे महिन्याचं ऊन. "गाडीचा आवाज आयकाले पाह्यजे, मास्तरीनबाई," त्या मला म्हणायच्या. पिपरीत त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत होते आणि वर्ध्याच्या एका शाळेत शिकवत होते. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. नव्या छोट्या गाड्या रस्त्यावर नुकत्याच दिसू लागल्या होत्या. आमच्या वस्तीत तशी गाडी एकच होती, आणि गाडी चालवणारी बाईही एकच.

गाडी घेतली यजमानांनी, वहिनींना चालवायला शिकवलीही त्यांनीच. वर्षभरात ते अचानक गेले. तेरवी आटोपली आणि वहिनी पदर खोचून आंजी गावातल्या त्यांच्या वावरात, म्हणजे शेतावर जायला लागल्या, रोज, गाडी घेऊन. त्यांचे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, बाजारात कापडाचं दुकान चालवत. त्यांना हे बघवत नसे. "बाईमानसाले गाडी कायले पाह्यजे? वावर मी पाहीन," असं ते दर आठवड्याला येऊन सांगत. वहिनी चहा पुढे करत आणि विचारत, "साखर पुरली का जी?"

मग एकदा वळणावर गाडी कटकट वाजायला लागली. पुढच्या चाकामागे एक्सलच्या सांध्यावर रबराचं घड्याघड्यांचं आवरण असतं. त्याला बूट म्हणतात. तो फाटला होता. ग्रीस बाहेर उडालं होतं आणि माती आत शिरत होती. गॅरेजवाल्याची हयात जीप आणि ट्रक खोलण्यात गेलेली. त्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "पूरा एक्सल मंगाना पडेगा, भाभीजी. टाइम लगेगा."

भासऱ्यांच्या कानावर हे गेलंच. "बरं झालं. रविवारी गाडीले गिऱ्हाईक आनतो," त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

"गाडी गेली का मी घरात बसली," वहिनी मला म्हणाल्या. "मी घरात बसली का वावर गेलं. समजते मले."

दुसऱ्या दिवशी त्या एस.टी.नं नागपूरला गेल्या आणि नवा बूट, पट्ट्या, ग्रीसचा डबा घेऊन आल्या. "तुम्हाला जमेल हे?" मी विचारलं. "वावरातला पंप कोन खोलते? मीच नं! मानसानं बांधलं ते मानसाले खोलता येते."

शनिवारी माझी शाळा अर्ध्या दिवसाची. चाकाच्या मधला मोठा नट काही केल्या हलेना. शेवटी पान्याला लोखंडी पाइप लावून आम्ही दोघी त्यावर लोंबकळलो, तेव्हा तो कचकन सुटला. गाडी जॅकवर चढवून खाली लाकडी ओंडके दिले. एक्सल ओढून काढला, तसं गिअरबॉक्सचं तेल परातीत सांडलं. सांधा अजून झिजला नव्हता. वहिनींनी तो रॉकेलनं धुतला, आतली एकेक गोळी बोटानं फिरवून पाहिली, नवा बूट चढवला, ग्रीस भरलं. दिवेलागणीला सगळं परत जागेवर बसलं. मी पसारा आवरायला गेले, तर सुटे भाग ठेवलेल्या ताटलीत लोखंडाची एक कडी उरलेली. एक्सलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचा सांधा धरून ठेवणारा लॉक! तो नसता तर एक्सल चालत्या गाडीत निसटला असता.

"बाप्पा!" वहिनींनी कडी दिव्याजवळ धरून पाहिली. मग हात धुवायला गेल्या. "उद्या पुन्हा खोलू."

म्हणून रविवारी भासरे गिऱ्हाईकाला घेऊन आले तेव्हा एक्सल पुन्हा पोत्यावर पडलेला, आणि वहिनी लुगड्यावर यजमानांचा जुना सदरा चढवून, कोपरापर्यंत काळ्या.

"हे तं भंगार झालं," गिऱ्हाईक म्हणालं.

"घरान्याची अब्रू आंगनात खोलून ठेवली!" भासरे गरजले.

वहिनी उठल्याही नाहीत. "अब्रू नाई जी, एक्सल हाय. सरका जरा, उजेड येऊन नाई राह्यला."

"आन् चाक निखळलं म्हंजे?"

"तं माहं निखळन. गाडी माही, वावर माहं. विकाची नाई."

गिऱ्हाईक निघून गेलं. भासरे मात्र फजिती बघायला ओट्यावर बसून राहिले. दुपारी चाक चढलं. वहिनी स्टिअरिंगवर बसल्या. त्यांनी रस्त्यावर गाडी आधी डावीकडे पूर्ण वळवली, मग उजवीकडे. आवाज नव्हता. खाली उतरून त्या भासऱ्यांना म्हणाल्या, "चला, दुकानापर्यंत सोडून देतो तुमाले." ते चपला घालून पायीच निघाले.

त्यानंतर सल्ले थांबले. पुढे काही वर्षांनी माझी बदली झाली. निघाले त्या सकाळी माझी एस.टी. गावाबाहेर एका गाडीमागे अडकली. ती छोटी गाडी रस्त्याच्या मधोमध बैलगाडीच्या चालीनं चालली होती. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. मी मान उंचावून पाहिलं. स्टिअरिंगवर भासऱ्यांची धाकटी सून होती, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला. शेजारच्या, काच खाली केलेल्या खिडकीतून वहिनींचा हात बाहेर आला आणि त्यानं आमच्या अख्ख्या एस.टी.ला थांबायची खूण केली.

ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला आणि गिअर खाली टाकला.