चौकटीतला मजकूर

गिऱ्हाईक गाडीतून उतरून तक्रार सांगायला लागलं, की मिस्त्री उजवा पंजा वर करून त्याला थांबवायचे. "पहेलां गाडीने बोलवा दो, पछी तमे बोलजो." आधी गाडीला बोलू द्या, तुमचं नंतर. मग बॉनेटवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे. समोरचा कारखानदार असो की वकील, पाच मिनिटं मुकाट्यानं उभा. स्टोअरच्या खिडकीतून हे बघताना मला हसू यायचं, कारण घरी वहिनींपुढे या माणसाला एक वाक्य पुरं करायला मिळत नसे.

बडोद्यात छाणीच्या बाजूला आमचं गॅरेज होतं. मी सुटे भाग सांभाळायचो. मिस्त्री डभोईत ट्रकांखाली पडून काम शिकलेले आणि पुढे बडोद्याला आलेले. मराठी वाचत, गुजराती वाचत, इंग्रजीशी मात्र वैर. मी बारावी झालेला, म्हणून पस्तिशी उलटली तरी त्यांच्या लेखी मी ‘मास्तर’. त्या वर्षांत बडोद्यात पूर्वी कधी न पाहिलेल्या गाड्या यायला लागल्या होत्या आणि प्रत्येकीबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. मी वाचायचं आणि मिस्त्रींनी करायचं, अशी आमची जोडी जमली.

त्या पुस्तकांत पानोपानी काळ्या चौकटी असत. चष्मा लावा. धूम्रपान करू नका. गाडी सपाट जागी उभी करा. सुरुवातीला मी त्याही इमानानं वाचायचो. मिस्त्री उखडायचे. "ते रेवा दे ने, मास्तर! आकडे वाच. बिडी कुठे ओढायची ते आता जपानी शिकवणार का मला?" सगळं गॅरेज हसायचं, मीही हसायचो. पुढे पुढे चौकट दिसली की माझी नजर आपोआप तिच्याखालच्या ओळीवर जायला लागली.

अशात एक दिवस ती लाल गाडी आली. दोन दारांची, बुटकी, बोटीनं आलेली. एका कारखानदाराच्या मुलाची. वळणावर जोर दिला की मागून घसरते आणि हळू वळवली की खालून कुरकुरते, एवढंच त्याला माहीत. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे त्याला गप्प केलं आणि गाडी घेऊन मला गोत्रीकडच्या मोकळ्या प्लॉटांवर नेलं. तिथे त्यांनी हळूहळू इंग्रजी आठ काढले, मग मागचं एक चाक भुसभुशीत मातीत घालून गॅस दिला. तेवढं एकच चाक माती उडवत फिरत राहिलं. पक्क्या जमिनीवरचं दुसरं ढिम्म.

"अॅम्बेसॅडर असती तर म्हटलं असतं, असंच असतं," ते खाली उतरून म्हणाले. "हिचं असं नको. हिच्या डिफरन्शियलमध्ये, मागच्या दोन चाकांना जोर वाटून देतो त्या गोळ्यात, प्लेटांची थप्पी असते. एक चाक पळायला लागलं की त्या प्लेटा दाबून धरतात आणि जोर दुसऱ्याला देतात. दोन्ही चाकांनी मिळून ओढायचं. हिच्या प्लेटा मेल्यात." त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून मला दाखवलं. इतकं स्वच्छ मला पुस्तकातूनही कळलं नव्हतं.

तरी गॅरेजात आल्यावर त्यांनी आपली नेहमीची परीक्षा घेतलीच. मागचं डावं चाक जॅकवर, पुढच्या चाकांना विटा, मी स्टिअरिंगवर. स्वतः गाडीखाली पाठीवर पडायचं आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक डिफरन्शियलला, दुसरं कानाला लावायचं. "पहिल्यात टाक. सोड." मी क्लच सोडला. उचललेलं चाक एकटं गरगरलं, गाडी जागची हलली नाही. पंचवीस वर्षं ते असंच ऐकत आले होते. तुम्हीही एखाद्या गॅरेजात असं गाडीखाली पडलेलं कुणी पाहिलं असेल.

नव्या प्लेटा परदेशातून यायला दीड महिना लागला. आल्या त्या दिवशी मिस्त्रींनी बाकावर धुतलेलं धोतर अंथरलं आणि त्यावर एकेक प्लेट मांडली. वहिनींना या धोतराची कल्पना नव्हती. मी जाडी वाचायची, त्यांनी मोजायची. प्लेटा खास तेलात भिजवून ठेवल्या. आधी कुणीतरी डिफरन्शियलमध्ये साधं तेल भरलं होतं, त्यानंच घात केला होता. "तेल किती?" मी पान उलटलं. वर मोठी चौकट होती, खाली आकडा. मी आकडा वाचला.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाकीचे डबे उघडून बसले होते. मिस्त्रींना धीर नव्हता. "मास्तर, बस. ऐकू तरी दे कशी बोलते." डावं चाक जॅकवर. विटा. ते खाली सरकले. ज्या माणसानं मला बोटांत बोटं अडकवून दाखवलं होतं, त्याच्याच हे ध्यानात आलं नाही. हात पंचवीस वर्षांच्या सवयीनं चालत होते. आणि माझ्या तरी कुठे ध्यानात आलं?

"सोड," ते म्हणाले. मी क्लच सोडला.

आता प्लेटा धरत होत्या. जमिनीवरच्या चाकानं गाडी पुढे ओढली, विटा फुटल्या, आणि ती जॅकवरून खाली आली. मी ब्रेकवर पाय आपटला तोवर सगळं होऊन गेलं होतं. आठ जणांनी गाडी उचलली.

इस्पितळात मिस्त्रींना शुद्ध होती. छाती बांधलेली, आवाज खोल गेलेला. मला वाकायला लावून विचारलं, "दोन्ही चाकांनी ओढली ने?"

"ओढली," मी म्हणालो.

"मग काम बरोबर झालंय." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. मला ते बघवलं नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले.

पुस्तक कपाटात ठेवण्याआधी मी ते पान उघडलं. चौकटीत लिहिलं होतं की मागचं एकच चाक उचलून इंजिन गिअरमध्ये चालवू नये, जमिनीवरचं चाक गाडी ओढेल. चार ओळी होत्या. खाली तेलाचा आकडा, जो मी मोठ्यानं वाचला होता.

तेराव्याला वहिनींनी मला आत बोलावलं. गॅरेजात बोललं जात होतं की मिस्त्रींना या गाडीचं काम येत नव्हतं, उगाच हात घातला. "तुम्हीच वाचून दाखवायचात ने भावजी? खरं सांगा, हे कुठे चुकले?"

मी तोंड उघडलं होतं. सांगणार होतो. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी म्हणालो, "ते चुकले नाहीत. काम बरोबर झालं होतं. जॅक सरकला."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मोठा श्वास सोडला. पुढे सोसायटीत ज्यानं त्यानं विचारलं त्याला त्या हेच सांगत राहिल्या. त्यांना भाऊ नव्हता. त्याच वर्षी भाऊबीजेला मला बोलावणं आलं. तेव्हापासून मी त्यांना ताई म्हणतो आणि त्या मला अरे-तुरे करतात. इतक्या वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. हे मी तुम्हाला सांगतोय, तिला नाही सांगितलेलं.

यंदा ताट हातात घेऊन ती म्हणाली, "तू तिथे होतास म्हणून मला खरं काय ते कळलं, नाहीतर लोकांनी यांना नालायक ठरवलं असतं." मी मान खाली घातली.

"वर बघ ने," ती म्हणाली. "टिळा कसा लावू?"